टॅक्सी परवाने खुले केले तरी मक्तेदारी का उरते?

(चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

रिकामी फेरी

टॅक्सीच्या परवान्यांवर संख्येची मर्यादा आली की मक्तेदारी आली, असं सरसकट लिहिलेलं सापडतं. उदाहरणं समोर ठेवली की मात्र हिशोब जुळत नाही. न्यूयॉर्कमध्ये पिवळ्या टॅक्सीच्या परवान्यांवर १९३७ पासून मर्यादा आहे, पण परवाने हजारोंनी आहेत; मग मक्तेदारी नेमकी कोणाची? लंडनच्या काळ्या टॅक्सीला संख्येची मर्यादाच नाही, तरी तिथे चालक व्हायला तीन-चार वर्षं लागतात. स्वीडनने १९९० मध्ये संख्या आणि भाडं दोन्ही मोकळं केलं, आणि त्यानंतर विमानतळावर, स्टेशनबाहेर अवाच्या सवा भाडं घेतल्याच्या तक्रारी येत राहिल्या.

प्रश्न असे आहेत. स्थानिक नियमावली हातात आली तर त्यातलं कोणतं कलम स्पर्धा मारतंय हे कसं ओळखायचं? मर्यादा उठवायची झाली तर ज्यांनी मोठी रक्कम मोजून परवाना विकत घेतला त्यांचं काय करतात? आणि ॲपवरच्या गाड्या आल्यावर या मर्यादेला काही अर्थ उरतो का?

"खुलं करा" किंवा "आवळा" एवढंच सांगणारी उत्तरं पुष्कळ आहेत. कलमं, आकडे आणि कारणं सांगाल तर उपयोग होईल.

मीटर डाऊन

"टॅक्सीचा बाजार" असा एकच बाजार धरला की पुढचं सगळं चुकत जातं. बाजार किमान तीन आहेत: रस्त्यात हात दाखवून थांबवलेली गाडी, स्टँडवर रांगेतली गाडी, आणि फोनवर किंवा ॲपवर मागवलेली गाडी. गाडी तीच, चालक तोच, पण स्पर्धा तिन्हीकडे वेगळी चालते.

हात दाखवणाऱ्याला तुलना करता येत नाही. रात्री अकराला पावसात उभा असलेला माणूस आलेली गाडी सोडून पुढची स्वस्त निघेल का, याची वाट बघत नाही. पुढची केव्हा येईल आणि किती घेईल, दोन्ही त्याला ठाऊक नसतं. स्टँडवर तर रांगेची शिस्तच अशी की पहिल्या गाडीत बसायचं. दुसऱ्या क्रमांकाची गाडी दर कमी करून पुढे येऊ शकत नाही. प्रवासी दाराला हात घालतो तेव्हा तो चालक त्याच्यापुरता एकमेव विक्रेता असतो. अशा ठिकाणी गाड्या दुप्पट केल्या तर वाट बघणं कमी होईल, भाडं उतरेलच असं नाही. उलट प्रत्येक गाडीच्या वाट्याच्या फेऱ्या घटतात आणि खर्च भागवायला चालक प्रत्येक फेरीत जास्त काढायला बघतो. भाडं मोकळं आणि रांगेची पद्धत जुनीच, ही जोडी प्रवाशाला सगळ्यात महागात पडते.

स्वीडनच्या तक्रारींचं मूळ इथे आहे. फोनवर गाडी मागवणारा दोन कंपन्यांना दर विचारू शकतो, विमानतळावर उतरलेला परका प्रवासी नाही. तिथे तुलनादराची पट्टी सक्तीची आहे: १० किलोमीटर आणि १५ मिनिटांच्या प्रवासाला ही गाडी किती घेईल तो एकच आकडा, बाहेरून वाचता येईल असा काचेवर लावलेला. सुरुवातीची रक्कम, किलोमीटरचा दर, मिनिटाचा दर हे तीन आकडे उभ्या उभ्या मनात मिसळता येत नाहीत. एक आकडा वाचून पुढच्या गाडीशी ताडता येतो.

आता मक्तेदारी कोणाची, हा प्रश्न. टॅक्सीच्या धंद्यात चार थर असतात: परवाना, गाडी, चालक आणि बुकिंग. मोजमाप प्रत्येक थराचं वेगळं करायचं. धंदा किती थोड्या हातांत आहे ते सांगणारा हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक त्यासाठी पुरेसा आहे: प्रत्येकाच्या टक्केवारीचा वर्ग करायचा आणि बेरीज घ्यायची, पूर्ण मक्तेदारीला १०,००० येतात. समजा शहरात १,००० परवाने १,००० वेगळ्या लोकांकडे आहेत. प्रत्येकाचा वाटा ०.१ टक्का, निर्देशांक फक्त १०. कागदावर याहून निकोप स्पर्धा सापडणार नाही. पण त्याच गाड्यांचं बुकिंग चार कंपन्यांकडे ६०, २०, १५ आणि ५ टक्के असं वाटलेलं असेल तर ३,६०० अधिक ४०० अधिक २२५ अधिक २५, म्हणजे ४,२५०. शहर तेच, गाड्या त्याच. कोणता थर मोजला यावर निष्कर्ष उलटतो.

न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर परवान्यांची संख्या ११,७८७ वर आली आणि जवळजवळ अर्धं शतक तिथेच थांबली. तिथे एका विक्रेत्याची मक्तेदारी नव्हती. भाडं सरकारने ठरवलेलं, संख्या सरकारने गोठवलेली, त्यामुळे हजारो मालक मिळून एका संगनमतासारखे वागत होते, फक्त त्यांना आपापसात बैठक घ्यावी लागत नव्हती. ते काम कायदा करत होता. रस्त्यात हात दाखवून प्रवासी घ्यायचा हक्क फक्त पिवळ्या गाडीला होता, आणि तो हक्कच विकला जात होता.

टंचाईचा हा पैसा चालकाला मिळतो असा समज आहे. चालक बहुतेकदा गाडी बारा तासांच्या शिफ्टवर ठरावीक रकमेला घेतो. ती रक्कम आणि इंधन निघेपर्यंत त्याचे पहिले काही तास जातात. भाडेवाढ झाली की थोड्याच दिवसांत शिफ्टची रक्कमही वर सरकते. जिथे शिफ्टच्या रकमेवर सरकारी कमाल मर्यादा नाही तिथे भाडेवाढीतला मोठा भाग परवाना ज्याच्याकडे आहे त्याच्या खिशात जातो.

किंमत कशी बनते तेही बघा. एक परवाना दरमहा १,००० ला भाड्याने जातो असं समजा. चलन कोणतंही घ्या. वर्षाचे १२,०००. व्याज ६ टक्के धरलं तर आजची किंमत १२,००० भागिले ०.०६, म्हणजे २,००,०००. व्याज ४ टक्क्यांवर आलं की तोच परवाना ३,००,००० चा होतो, उत्पन्न एका पैशाने न वाढता. आता धास्ती मिसळा. दर वर्षी नियम बदलण्याची शक्यता १० टक्के आहे असं घेणाऱ्याला वाटलं की मूळचे ६ टक्के धरून भाजक ०.१६ होतो आणि किंमत ७५,०००. एकही नवी गाडी रस्त्यावर न येता किंमत निम्म्याहून खाली. म्हणून परवान्याचा भाव पडला याचा अर्थ स्पर्धा वाढली असा लगेच काढू नये. आधी भाड्याने जाणाऱ्या परवान्याची मासिक रक्कम बघा. टंचाई आहे की नाही ते तिथे कळतं; भावात व्याज आणि भीती मिसळलेली असते.

कलम वाचक

पहिल्या प्रश्नाला धरून. नियमावलीत "कमाल संख्या" हे शब्द शोधून थांबू नका. स्पर्धा अडवणारी कलमं बहुतेकदा सुरक्षितता किंवा सोय अशा मथळ्याखाली असतात.

सर्वात आधी अर्जाची पद्धत वाचा. अमेरिकेतल्या अनेक ठिकाणी "सार्वजनिक सोय आणि गरज" असा दाखला लागत असे. म्हणजे नव्या कंपनीने सिद्ध करायचं की शहराला तिची गरज आहे, आणि त्या सुनावणीत आधीच्या कंपन्यांना हरकत घ्यायची मुभा. सिद्ध करण्याचा भार कोणावर टाकला आहे, हे एकच वाक्य बघा. तो भार अर्जदारावर असेल तर संख्येची मर्यादा लिहिलेली नसली तरी ती आहे. इंग्लंड-वेल्समध्ये लंडनबाहेर भार उलटा आहे. १९८५ च्या वाहतूक कायद्याच्या कलम १६ प्रमाणे परवाना संख्येच्या कारणावरून नाकारायचा तर न भागलेली लक्षणीय मागणी शिल्लक नाही, याची खात्री परवाना देणाऱ्या स्थानिक परिषदेने करून घ्यायची. त्यासाठी परिषदा पाहणी करतात: स्टँडवर तासनतास माणसं बसवून प्रवासी किती वेळ थांबले, गाड्या किती वेळ थांबल्या, किती तास गाडीच नव्हती हे मोजतात आणि त्यातून निर्देशांक काढतात. तो ८० च्या वर गेला तर मागणी भागत नाही असं सहसा मानलं जातं.

या पाहणीत चूक कुठे होते? मोजणी रांगेतल्या माणसांची होते. गाडी मिळतच नाही हे कळल्यावर जो स्टँडवर यायचाच थांबला, तो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. चाकाच्या खुर्चीवरचा प्रवासी अशांत हमखास असतो. शिवाय पाहणीचे दिवस कोणी निवडले, शुक्रवार-शनिवारची मध्यरात्र धरली का, स्टँड सोडून इतर ठिकाणी नुसते नाकारले गेलेले किती, हे विचारल्याशिवाय तो आकडा मान्य करू नये.

मग बघा किमान ताफा. "अर्जदाराकडे किमान इतक्या गाड्या आणि चोवीस तास चालणारं बुकिंग कार्यालय हवं" असं कलम आलं की एकट्या गाडीमालकाचा रस्ता बंद. त्याचं भावंड म्हणजे सक्तीची संलग्नता: प्रत्येक गाडीने मान्यताप्राप्त बुकिंग कंपनीशी जोडलेलंच असलं पाहिजे. हे कलम निरुपद्रवी दिसतं, कारण तक्रार कोणाकडे करायची ते प्रवाशाला कळावं असा हेतू सांगितला जातो. पण मान्यताप्राप्त कंपन्या दोनच असतील तर मासिक वर्गणी त्या दोघी ठरवतात आणि गाडीमालकाला "नको" म्हणायची सोय राहत नाही. जिथे संलग्नता सक्तीची आहे तिथे नव्या बुकिंग कंपनीला मान्यता मिळायला काय लागतं, ते पान दोनदा वाचा.

मागवून येणाऱ्या गाड्यांवरची बंधनं वेगळ्या जातीची. जर्मनीत चालकासह भाड्याने मिळणाऱ्या गाडीने फेरी संपली की मूळ ठिकाणी परतायचं, वाटेत नवं बुकिंग आलं नसेल तर. २०२१ च्या सुधारणेतही हे कलम ठेवलं. हेतू असा की या गाड्यांनी टॅक्सीसारखं रस्त्यात रेंगाळू नये. परिणाम मात्र लहान चालवणाऱ्यावर पडतो. ज्याच्याकडे बुकिंगचा ओघ अखंड आहे त्याच्या गाडीला परतायची वेळ क्वचित येते. ज्याला दिवसाला आठ-दहा बुकिंग मिळतात तो जवळजवळ निम्मं अंतर रिकामी गाडी हाकतो. फ्रान्सने डिसेंबर २०१३ च्या आदेशाने अशा गाड्यांना बुकिंग आणि प्रवासी बसणं यात पंधरा मिनिटांचं सक्तीचं अंतर घातलं होतं; तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये ते स्थगित केलं. स्पेनमधल्या कॅटालोनियाने २०१९ मध्ये तशीच पंधरा मिनिटांची अट आणली. सुरक्षिततेशी याचा काही संबंध नव्हता. प्रवाशाला मुद्दाम थांबवून टॅक्सीकडे वळवायचं, एवढाच उपयोग.

स्पेनचं प्रमाणही बघण्यासारखं: ३० टॅक्सींमागे १ बुकिंगची गाडी. बार्सिलोनाच्या महानगर क्षेत्रातल्या या मर्यादेवर युरोपीय न्यायालयाने ८ जून २०२३ ला निकाल दिला. वाहतूक कोंडी, हवा अशा कारणांसाठी वेगळा परवाना मागता येईल, निकष वस्तुनिष्ठ असतील तर. पण टॅक्सीचा धंदा आर्थिकदृष्ट्या टिकावा हे कारण मर्यादेला पुरत नाही, आणि १/३० प्रमाण का, याचं समर्थन झालेलं नाही. कुठल्याही नियमावलीतल्या आकड्याला हाच प्रश्न विचारता येतो: हा आकडा कशातून काढला?

लंडनबद्दल तुमची शंका रास्त आहे. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले रस्ते आणि ३२० ठरलेले मार्ग तोंडपाठ, ही परीक्षा म्हणजे गुणवत्तेची अट. त्याने संख्या आवळली जाते, पण उत्तीर्ण होणाऱ्याला कोणी अडवत नाही, आणि ते ज्ञान विकता किंवा वारशाने देता येत नाही. त्यामुळे परवान्याचा बाजारभाव तयार होत नाही. पैशाची अडचण दुसरीकडे आहे: गाडी ७.६ मीटरच्या वर्तुळात वळली पाहिजे, आणि २०१८ पासून नव्याने येणारी टॅक्सी काही अंतर धूर न सोडता चालू शकणारी हवी. या अटी पुऱ्या करणारी मॉडेलं मोजकीच, म्हणून टंचाईचा पैसा परवान्याऐवजी गाडी बनवणाऱ्याकडे आणि गाडीच्या कर्जाकडे सरकतो.

रिकामी फेरी

थर वेगळे करून मोजायचे, हे पटलं. आता दुसऱ्या प्रश्नाबद्दल कोणी सांगेल का? डब्लिनचं उदाहरण नेहमी दिलं जातं, पण कोणी ते यश म्हणून देतं, कोणी अपयश म्हणून.

जुना हिशोब

डब्लिनमध्ये दोन्ही गोष्टी झाल्या, आणि त्या वेगवेगळ्या लोकांना झाल्या.

१९७८ पासून तिथे संख्या आवळलेली होती. २००० साली शहरात सुमारे २,७०० टॅक्सी परवाने होते आणि एकेक ८०,००० आयरिश पाउंडांच्या आसपास किंवा त्याहून वर विकला जात होता. सरकारची मूळ योजना होती की नवे परवाने काढताना आधीच्या प्रत्येक धारकाला एक जास्तीचा परवाना द्यायचा. म्हणजे टंचाई कमी करायची, पण भरपाई टंचाईतूनच द्यायची. खासगी भाड्याच्या गाडीवाल्यांनी ती योजना न्यायालयात नेली. ऑक्टोबर २००० मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की संख्येवर अशी बंदी घालण्याचा अधिकार मंत्र्यांना कायद्याने नाही. नोव्हेंबरमध्ये दार उघडलं, नव्या परवान्याचं शुल्क ५,००० पाउंड ठेवलं, आणि दोनेक वर्षांत गाड्या तिपटीच्या घरात गेल्या. प्रवाशांचा थांबण्याचा वेळ घटला. ज्याने १९९९ मध्ये घर गहाण टाकून परवाना घेतला होता त्याच्याकडे मात्र कर्ज उरलं आणि मालमत्ता गेली. पुढे अडचणीतल्या धारकांसाठी समिती नेमून ३,००० ते १५,००० युरो दिले. परवान्याच्या भावापुढे ही रक्कम किती तोकडी होती ते दिसतंच आहे.

२०१० पासून तिथे चाकाच्या खुर्चीची सोय असलेल्या गाडीलाच नवा परवाना मिळतो, आणि २०१३ च्या कायद्यानंतर परवाना विकता येत नाही. मर्यादा पुन्हा आली म्हणा, पण तिचा बाजार होऊ दिला नाही.

यामागची गुंतागुंत गॉर्डन टलक या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडली होती. मर्यादेचा लाभ पहिल्या पिढीला मिळतो. ती पिढी परवाना पूर्ण भावाने विकून बाहेर पडते. दुसऱ्या पिढीने भविष्यातलं सगळं जास्तीचं उत्पन्न आधीच किमतीत मोजलेलं असतं, त्यामुळे तिला फक्त नेहमीचा परतावा मिळतो. मर्यादा उठवली की नुकसान या दुसऱ्या पिढीचं होतं. टॅक्सीवाले मर्यादेसाठी इतक्या जिवाच्या आकांताने का भांडतात ते यावरून कळतं. त्यांच्यातले बहुतेक नफेखोर नसतात, कर्जदार असतात.

न्यूयॉर्कने याचं सगळ्यात कठोर रूप पाहिलं. २०१३-१४ च्या सुमारास एका परवान्याचा भाव दहा लाख डॉलरच्या वर गेला. शहर स्वतः लिलाव करून परवाने विकत होतं, म्हणजे नियम करणारा आणि टंचाईतून कमावणारा एकच. भाव कोसळल्यावर चालक-मालक कर्जात बुडाले, आणि २०२१ मध्ये उपोषणानंतर तोडगा निघाला: कर्ज खाली आणून १,७०,००० डॉलरपर्यंतच्या रकमेला शहराची हमी, हप्ता महिना १,१२२ डॉलरच्या वर नाही.

कायदेशीर बाजू अमेरिकेत बरीच स्पष्ट झाली आहे. मिनियापोलिसने २००६ मध्ये मर्यादा टप्प्याटप्प्याने काढायचं ठरवलं, धारक न्यायालयात गेले, आणि २००९ मध्ये आठव्या विभागीय अपील न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. २०१६ मध्ये शिकागो आणि मिल्वॉकीच्या खटल्यांत सातव्या विभागाच्या न्यायालयानेही तेच म्हटलं. न्यायाधीश पोस्नर यांचा मुद्दा साधा होता की कॉफीचं दुकान चालवायचा परवाना मिळाला म्हणून शेजारी चहाचं दुकान उघडू नये असं सांगता येत नाही. परवाना ही मालमत्ता असू शकते, स्पर्धा न होण्याची हमी ही मालमत्ता नव्हे. कायद्याने भरपाई लागत नाही, तरी राजकारणात ती बहुतेकदा द्यावी लागते.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१७ मध्ये वेगळी वाट धरली. मर्यादा रद्द, धारकाला पहिल्या परवान्यासाठी १,००,००० डॉलर आणि पुढच्या तीनपर्यंत प्रत्येकी ५०,०००, आणि हा पैसा उभा करायला टॅक्सी असो की ॲपची गाडी, प्रत्येक फेरीवर एक डॉलरचा आकार. मला ही रचना न्याय्य वाटते, कारण खुल्या बाजाराचा फायदा ज्याला होतो तोच थोडा थोडा भरतो. तरी त्यात एक खोट आहे: भरपाई परवाना मोजून दिली, कर्ज मोजून नाही. १९८० मध्ये स्वस्तात घेतलेल्याला आणि २०१० मध्ये पूर्ण भावाने घेतलेल्याला सारखीच रक्कम. खरेदीची तारीख, खरेदीची नोंदवलेली किंमत आणि शिल्लक कर्ज हे तीन रकाने आधी गोळा केले असते तर त्याच पैशात जास्त गरजूंना आधार मिळाला असता.

म्हणून मर्यादा उठवणाऱ्या कोणत्याही शहराने पहिल्या दिवशी हस्तांतर थांबवावं, मर्यादा नंतर काढावी. क्रम उलटा झाला तर जाणकार धारक घोषणेच्या आधीच्या महिन्यांत परवाना एखाद्या अनभिज्ञ चालकाच्या गळ्यात मारून निघून जातो. फ्रान्सने ऑक्टोबर २०१४ च्या कायद्यात जुने परवाने विकायची मुभा ठेवली आणि नवे न विकता येणारे केले. त्याने जुना भाव हळूहळू विरतो, एकदम कोसळत नाही. वेळ मात्र एक पिढी लागते.

दोन फोन

तिसरा प्रश्न राहिला. ॲप आल्यावर मर्यादेला अर्थ उरतो का, तर उरतो, फक्त तिचा लाभ दुसऱ्याला मिळतो.

ॲपच्या धंद्यात टंचाई परवान्याची नसून एकाच वेळी एकाच भागात असलेल्या चालक आणि प्रवाशांच्या गर्दीची असते. गाड्या जास्त म्हणून गाडी तीन मिनिटांत येते, म्हणून प्रवासी जास्त, म्हणून चालक जास्त. नऊ मिनिटं लागणाऱ्या ॲपला दर कमी ठेवूनही प्रवासी टिकवता येत नाही. या चक्राला एकच गोष्ट ढिलं ठेवते: चालक दोन फोन लावून दोन ॲपवर एकाच वेळी उभा राहू शकतो. दुसऱ्या ॲपला नव्याने ताफा उभारावा लागत नाही, आहे तोच वापरता येतो. म्हणून ॲपच्या काळातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम म्हणजे चालकाला एकाच ॲपला बांधणारं कलम, आणि ते शहराच्या नियमावलीत नसतं, गाडीच्या भाडेकरारात किंवा बक्षिसाच्या अटींत असतं. "आठवड्याला इतक्या फेऱ्या सलग पूर्ण केल्या तरच रक्कम" ही अट वाचायला प्रोत्साहनासारखी असते, चालते मात्र बंधनासारखी.

सिंगापूरने हे नेमकं पकडलं. मार्च २०१८ मध्ये उबरने आपला दक्षिण-पूर्व आशियातला धंदा ग्रॅब या प्रतिस्पर्धी ॲपला विकला. तिथल्या स्पर्धा आयोगाने सप्टेंबरमध्ये दोघांना मिळून सुमारे १.३ कोटी सिंगापूर डॉलरचा दंड केला. माझ्या मते दंडापेक्षा मोलाची गोष्ट होती ती अट: चालक, भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्या आणि टॅक्सी कंपन्या यांना एकाच ॲपशी बांधून ठेवायचं नाही. झालेलं विलीनीकरण उलटवणं अवघड असतं, दार उघडं ठेवणं जमतं.

आता मर्यादा घातली तर काय होतं ते बघा. न्यूयॉर्कने ऑगस्ट २०१८ मध्ये भाड्याच्या नव्या गाड्यांचे परवाने थांबवले, चाकाच्या खुर्चीची सोय असलेल्या गाड्या वगळून. कोंडीचं कारण खरं होतं. पण संख्या गोठली की आधीच ज्याच्याकडे जास्त चालक आहेत त्याची जागा पक्की होते, कारण नव्या ॲपला नवे चालक मिळणार कुठून? आणि ज्याच्याकडे परवानगीची पाटी आहे तो ती असलेली गाडी आठवड्याच्या भाड्याने देऊ लागतो. वर पिवळ्या टॅक्सीची जी गोष्ट सांगितली, तिचीच सुरुवात.

त्याच वेळी न्यूयॉर्कने दुसरं हत्यार वापरलं ते जास्त अभ्यासण्यासारखं आहे: ॲपच्या चालकांना किमान मोबदला, ठरवलेला वापराच्या प्रमाणावर. चालक ॲपवर असलेल्या वेळापैकी प्रवासी गाडीत असतो तो वेळ किती, हे प्रमाण सुरुवातीला ५८ टक्के धरलं, म्हणजे तासातली जेमतेम ३५ मिनिटं. प्रवाशासह घालवलेल्या मिनिटाचा दर या प्रमाणाने भागायचा, म्हणजे रिकाम्या वेळेचा भारही कंपनीवर येतो. गाड्या उगाच वाढवल्या तर प्रमाण घसरतं आणि प्रत्येक मिनिट महाग पडतं. संख्या न लिहिता संख्येवर लगाम. बिघाड कुठे झाला, तर प्रमाण सुधारण्यासाठी कंपन्यांनी कमी गर्दीच्या वेळी चालकांना ॲपमध्ये शिरूच दिलं नाही. रस्त्यावर थांबलेला चालक मोजणीतून गायब, प्रमाण कागदावर छान. असा नियम करायचा तर ॲपमध्ये शिरायचा प्रयत्न करून नाकारले गेल्याच्या नोंदीही मागवायला हव्यात, नाहीतर मोजणी निरर्थक ठरते.

आणखी एक. नियम स्थानिक आणि ॲप सीमेपलीकडचं, ही फट इंग्लंडमध्ये चांगलीच दिसते. खासगी भाड्याच्या गाडीचा चालक एका परिषदेकडून परवाना घेऊन दुसऱ्या शहरात फेऱ्या करू शकतो, चालक, गाडी आणि बुकिंग घेणारा तिघांचे परवाने एकाच परिषदेचे असले की झालं. वुल्वरहॅम्प्टनचा परवाना घेतलेल्या गाड्या म्हणून दूरदूरच्या शहरांत धावतात. शेजारच्या परिषदेने आपल्या अटी कितीही कडक केल्या तरी तिच्या रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्या तिच्या तपासनीसाच्या अधिकाराबाहेर. स्थानिक मर्यादा घालण्याआधी बाहेरच्या परवान्याच्या किती गाड्या शहरात फेऱ्या घेतात, हे स्टँड आणि स्टेशनबाहेर पाट्या मोजून बघावं.

कलम वाचक

वरच्याला जोडून, विमानतळाचं वेगळं बघा. शहराची नियमावली कितीही खुली असली तरी विमानतळाची जागा एका व्यवस्थापनाची असते, आणि तिथे एका कंपनीला ठेका दिला की शहरातल्या सर्वात लांबच्या, सर्वात फायद्याच्या फेऱ्या तिच्याकडे जातात. ठेक्याच्या कागदात तीन गोष्टी शोधा: कंपनीने दर फेरीमागे व्यवस्थापनाला किती द्यायचं, इतर गाड्यांना प्रवासी सोडता येतो पण घेता येतो का, आणि जवळच्या फेरीचं काय. शेवटचं बारीक वाटतं, पण चालक रांगेत दोन तास थांबलेला असतो, त्याला दहा मिनिटांची फेरी मिळाली की तो नाकारतो. ठरावीक वेळेत परतणाऱ्याला रांगेत पुढे शिरायचा पास दिला तर नाकारणं बरंच कमी होतं. नुसत्या दंडाने होत नाही.

रिकामी फेरी

आभार. माहितीचा अर्ज करायचा झाला तर परवाना विभागाकडून नेमकं काय मागू?

मीटर डाऊन

परवाना नोंदवहीची पूर्ण प्रत, तक्त्याच्या स्वरूपात. छापील पानांचे फोटो नकोत. रकाने असे मागा: परवाना क्रमांक, धारकाचा प्रकार म्हणजे व्यक्ती की कंपनी, पहिल्या वाटपाची तारीख, प्रत्येक हस्तांतराची तारीख आणि नोंदवलेली किंमत, गाडीचा क्रमांक, गाडीची मालकी कोणाकडे, संलग्न बुकिंग कंपनी, विमा कोणाच्या नावावर. व्यक्तींची नावं झाकून दिली तरी चालेल, प्रत्येक धारकाला एक कायमचा सांकेतिक क्रमांक मिळाला पाहिजे, नाहीतर एकाकडे किती परवाने आहेत ते मोजता येणार नाही.

विम्याचा रकाना टाळू देऊ नका. परवाने वेगवेगळ्या नावांवर आणि चाळीस गाड्यांचा विमा एकाच पॉलिसीत, असं दिसलं की ते चाळीस परवाने प्रत्यक्षात एकाच हातात असण्याची दाट शक्यता धरावी. भाडेकरार कुठे नोंदवलेला नसतो, पण अपघात झाल्यावर पैसे कोण मागणार ते विमा कंपनीला लिहून द्यावंच लागतं.